डॉक्टर होणार, पण कशाचे?

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात. विहाराच्या फळ्यावर गुणवंतांची नावे झळकतात. शाल आणि पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतात. ज्या घरातील आजीला सरकारी दवाखान्याचा केसपेपर वाचता येत नव्हता, त्याच घरातील नात आता केसपेपर लिहिणार, याचा आनंद कोणाला होणार नाही? तो झालाच पाहिजे. मात्र सत्काराच्या गर्दीत एक प्रश्न कोणी विचारीत नाही. साडेपाच वर्षांनी तोच प्रश्न त्या मुला-मुलीपुढे उभा राहतो. डॉक्टर होणार हे ठरले, पण कशाचे डॉक्टर?

एम.बी.बी.एस. ही साडेचार वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. पुढे तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. त्यात औषधवैद्यक म्हणजे मेडिसिन, शस्त्रक्रिया, बालरोग, स्त्रीरोग, अस्थिरोग, नेत्र, भूल, त्वचा, क्ष-किरण, मानसोपचार, पॅथॉलॉजी, सामाजिक वैद्यक अशा अनेक शाखा. यांतून एक निवडायची आणि मग जन्मभर तेच काम करायचे.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. वैद्यकशास्त्रातले आम्हाला काही कळत नाही. पण रविवारी विहारात बसून विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही कार्यकर्ते करतो. पसंतीक्रमाचा अर्ज भरताना विद्यार्थी आमच्या शेजारी असतो, आणि त्याच्या मागे सारे घर उभे असते. ते पाहून आमचे एक मत झाले आहे. अर्जावर सही विद्यार्थ्याची असली तरी निवड पुष्कळदा त्याची नसते. ती रँकने केलेली असते, घरच्या गरजेने केलेली असते, लोक काय म्हणतील या भीतीने केलेली असते. ही निवड मुलांच्या हाती कशी येईल, याचा विचार पालकांनी करावा म्हणून हा लेख.

रँक काय ठरवते

पहिली गाळणी परीक्षेची. २०२४ साली नीटला देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा नीट-पीजी. तेथे वरच्या रँकचे विद्यार्थी अलीकडे मेडिसिन, क्ष-किरण आणि त्वचारोग या शाखा पटापट घेतात. कारणे उघड आहेत. त्वचारोगात मध्यरात्री धावपळ क्वचित असते, शिवाय खाजगी दवाखान्यात कमाई चांगली. क्ष-किरण शाखेला सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांमुळे सगळीकडे मागणी. मेडिसिन घेतले की पुढे हृदयरोगासारख्या अतिविशेष शाखांची वाट मोकळी होते.

उलट शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या शाखांना विद्यार्थी मिळत नाहीत. तेथे रुग्ण नाही, दवाखाना नाही, प्राध्यापकी हीच मुख्य वाट. जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ साली केंद्र सरकारने नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली. म्हणजे परीक्षेस बसलेला प्रत्येक जण पात्र! आपल्या मुलांच्या सवलतींवर बोटे मोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जागा भरायच्या असल्या की गुणवत्तेची रेघ सर्वांसाठीच खाली येते.

राखीव जागांचे गणितही पालकांनी समजून घ्यावे. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी १३ टक्के, अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा असतात. पण एखाद्या महाविद्यालयात एखाद्या शाखेच्या जागाच दोन-तीन असतात. मग त्या वर्षी आपल्या प्रवर्गाच्या वाट्याला ती शाखा येईल किंवा येणारही नाही. म्हणून एकाच शाखेचा हट्ट धरून चालत नाही. दोन-तीन शाखांचा आधी विचार करून ठेवलेला बरा.

घरचा हिशेब

हिशेब मांडणे हे आमचे रोजचे काम, म्हणून तो येथे मांडतो. अठराव्या वर्षी बारावी. बहुतेकांचे एक वर्ष नीटच्या तयारीत जाते, म्हणजे एकोणीस. अधिक साडेपाच वर्षे, म्हणजे साडेचोवीस. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यास एक वर्ष बंधपत्राची सेवा, साडेपंचवीस. पीजीच्या तयारीस एक वर्ष, साडेसव्वीस. पीजीची तीन वर्षे, साडेएकोणतीस. तोवर कामगार बाप निवृत्तीला आलेला असतो, धाकटी भावंडे शिकत असतात आणि मुलीच्या लग्नाची घाई नातेवाईक करीत असतात. इंटर्नशिपमध्ये आणि पीजी करताना विद्यावेतन मिळते हे खरे, पण त्यातूनच घर चालवायचे असते.

या हिशेबापुढे कित्येक विद्यार्थी पीजीचा नाद सोडतात आणि कंत्राटी नोकरी किंवा छोटा दवाखाना धरतात. काही जण जी शाखा लवकर पैसा देईल तीच निवडतात. यात त्यांचा दोष नाही. ज्याच्या घरी वडिलांचे स्वतःचे रुग्णालय आहे त्याला आवड जपणे परवडते. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता आहे त्याची आवड मागे पडते.

म्हणून कर्जाबाबत सावध राहावे. एजंटाच्या सांगण्यावरून खाजगी महाविद्यालयाची लाखोंची फी कबूल करणे, जमीन किंवा दागिने विकून मुलाला परदेशी धाडणे, असे प्रकार आपल्या समाजातही घडू लागले आहेत. परदेशातून पदवी घेऊन आलेल्याला येथे वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तीत बहुसंख्य विद्यार्थी नापास होतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. कर्जाचे ओझे जेवढे मोठे, तेवढी पुढची निवड संकुचित होते.

याउलट हक्काच्या सवलती पुरत्या वापरल्या तर निवड मोकळी होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही आहे. वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळू शकतो. मात्र जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल तर सगळे अडते. ते काम अकरावीतच हाती घ्यावे.

कोणाला पाहिले, कोणाचे ऐकले

माणूस जे पाहतो त्यातूनच निवडतो. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते थोड्याच दिवसांत दगावले. त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या. १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे त्यांनी पदवी घेतली आणि प्रबंध लिहिला तो प्रसूतीच्याच विषयावर. डॉ. रखमाबाई यांच्या घरी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित नावाजलेले डॉक्टर होते. रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. एकीला दुःखाने वाट दाखवली, दुसरीसमोर घरातच डॉक्टर होता.

आपल्या बहुतेक घरांत डॉक्टर मामा नाही, डॉक्टर आत्या नाही. आपली मुले डॉक्टर पाहतात ते आजारी पडल्यावर, तेही पाच मिनिटे. मग डॉक्टर म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप किंवा हातात शस्त्रक्रियेची सुरी, एवढेच चित्र मनात राहते. भूलतज्ज्ञाशिवाय शस्त्रक्रिया होत नाही, पॅथॉलॉजिस्टने गाठ तपासल्याशिवाय कर्करोग ठरत नाही, हे त्यांना महाविद्यालयात गेल्यावर समजते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्यांची मुले हे जेवणाच्या पाटावर ऐकतात.

इंटर्नशिपमध्ये किंवा पहिल्या नोकरीत डोळ्यांसमोर आलेला रुग्णही दिशा बदलतो. डॉ. हिंमतराव बावस्कर गरीब शेतकरी कुटुंबात जन्मले, कष्टाची कामे करीत शिकले. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने दगावणारी माणसे त्यांनी पाहिली. विंचवाचे विष हृदयावर कसा घाला घालते याचा त्यांनी अभ्यास केला आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांचे लेखन छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना हा विषय कोकणातल्या रुग्णांनी दिला.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे उदाहरणही मुलांना सांगावे. एक औषधवैद्यक शिकलेले, दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सामाजिक वैद्यक म्हणजे रँक न लागलेल्यांची शाखा, असे वॉर्डात हिणवले जाते. पण नवजात बालकांचे मृत्यू घराघरांत जाऊन कसे कमी करता येतात, हे गडचिरोलीच्या कामानेच जगाला दाखवले.

वॉर्डातील वागणूक

शाखेची निवड शिकवणाऱ्यांच्या वागणुकीवरही अवलंबून असते. एखादे प्राध्यापक रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून प्रेमाने शिकवतात आणि विद्यार्थी ती शाखा घेतो. एखाद्या विभागात अपमान होतो आणि विद्यार्थी त्या वाटेला पुन्हा जात नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत त्यात जातीची भर पडते.

दिल्लीच्या एम्स संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल २००७ साली आला. शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही आणि वसतिगृहात वेगळे पाडले जाते, अशा अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी त्यात नोंदल्या गेल्या. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शाखेत पीजी करणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या आदिवासी तडवी भिल्ल समाजातील. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

पालकांनी यातून घाबरून मुलांना मागे ओढू नये. पण मुलगा किंवा मुलगी फोनवर "तिकडे त्रास होतो" म्हणाली तर "सहन कर, डॉक्टर व्हायचंय ना" असे म्हणून विषय संपवू नये. नीट विचारावे, तारखा लिहून ठेवाव्यात, लेखी तक्रार करावी आणि सोबत जावे. कोणती शाखा घ्यावी याच्याइतकेच, त्या विभागात ज्येष्ठ विद्यार्थी धाकट्यांना कसे वागवतात याची चौकशी आधी करावी.

मुलगी आहे म्हणून

मुलींच्या निवडीवर आणखी एक कुलूप असते. मुलगी डॉक्टर म्हटली की घरचे आणि शेजारचे ठरवूनच टाकतात, स्त्रीरोग नाहीतर बालरोग. अस्थिरोग म्हटले तर "हाडं ओढायला पुरुषाची ताकद लागते" असे उत्तर मिळते. शस्त्रक्रिया म्हटली तर "संसार कधी करणार?" हा प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या तरुण महिला डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. तेव्हापासून रात्रपाळी नसलेली शाखा घे, असा आग्रह घराघरांत वाढला. काळजी समजण्यासारखी आहे. पण रुग्णालयात सुरक्षा मागायची की मुलीचे स्वप्न कापायचे, हे आपण ठरवले पाहिजे.

आमच्या वस्तीतील एका घरची हकीकत सांगतो. वडील सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाली. पीजीच्या पसंतीक्रमात तिने पहिली शाखा लिहिली मानसोपचार. वडील संध्याकाळी आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, पोरीला जरा समजावा. एवढं शिकून वेड्यांची डॉक्टर होणार म्हणते. लोकं काय म्हणतील?"

आम्ही मुलीलाच बोलावले. ती शांतपणे म्हणाली, "काका, आपल्या चाळीत दारूने किती संसार गेले ते तुम्हीच मोजा. माझ्या इंटर्नशिपमध्ये दारू सुटलेली माणसं मी पाहिलीत. बाळंतपणानंतर महिनोन् महिने रडत बसणारी बाई पाहिलीय, तिला घरच्यांनी देवऋषाकडे नेलं होतं. हा आजार आहे, त्याला औषध आहे. हे आपल्या लोकांना कोण सांगणार?" वडील बराच वेळ गप्प होते. त्यांचा सख्खा भाऊ दारूनेच गेला होता. शेवटी ते एवढेच म्हणाले, "मग लिही तुला पाहिजे ते."

तिला मानसोपचार शाखा मिळाली. आता ती सुटीत घरी आली की रात्री उशिरा कोणी ना कोणी दार वाजवतो आणि हळू आवाजात भावाचे किंवा बायकोचे दुखणे सांगतो. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही. त्या शाखेला श्रीमंतांपेक्षा आपल्या वस्त्यांची गरज अधिक आहे, हे त्या मुलीने घरच्यांच्या आधी ओळखले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली खेड्यापाड्यांत आरोग्य कर्मचारी कसे टिकतील याबाबत शिफारशी प्रसिद्ध केल्या. ग्रामीण भागातून आलेले विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांना प्रवेश द्यावा, असे तीत म्हटले आहे. आमच्या मते हे वस्त्यांनाही लागू पडावे. जी दुखणी आपल्या मुलांनी जवळून पाहिली, त्यांवरचा इलाज शोधण्याची ओढ त्यांना असणे स्वाभाविक आहे.

डॉक्टरकीशिवायही

आरोग्याचे काम डॉक्टरांनीच चालते असे नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, १९९८ पासून, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि प्रयोगशाळा-शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ अशा अनेक अभ्यासक्रमांचा कारभार आहे. नीटमध्ये दोनदा अपयश आले की मुलगा खचतो आणि घरचे "वाया गेला" म्हणतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांत पूर्ण होते. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालते करण्यात फिजिओथेरपिस्टचा मोठा वाटा असतो. या वाटा नाइलाज म्हणून घेतल्या तर मन लागत नाही, माहिती घेऊन निवडल्या तर आयुष्य उभे राहते. सिस्टरचे काम कमी प्रतीचे मानण्याची सवय दुसऱ्यांची आहे, ती आपण उचलू नये. रुग्णाची शुश्रूषा हलकी समजणाऱ्यांनी एकदा रात्रभर सरकारी वॉर्डात बसून पाहावे.

पालकांनी काय करावे

आमच्या अनुभवातून काही सूचना करतो.

१. दहावीनंतर मुला-मुलींना एखाद्या ओळखीच्या परिचारिकेशी, तंत्रज्ञाशी, निवासी डॉक्टरशी बोलायला न्यावे. कामाचे तास, पगार, त्रास, समाधान, सगळे विचारू द्यावे.

२. जात वैधता, अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे वेळेआधी तयार ठेवावीत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. एजंटावर विसंबू नये.

३. बंधपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील सेवेचा काळ आणि दंडाची रक्कम नीट वाचावी.

४. इंटर्नशिपच्या वर्षी प्रत्येक विभागात काय आवडले, काय नकोसे झाले, हे मुलांनी वहीत लिहून ठेवावे. पसंतीक्रम भरताना ती वही उपयोगी पडते.

५. पीजीच्या तयारीचे एक वर्ष मुलांना द्यावे. तेवढ्यात त्यांच्याकडून पगाराची किंवा मुलीकडून लग्नाची घाई करू नये.

६. प्रत्येक विहारात एक वही ठेवावी. आपल्या भागातील वैद्यकीय आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची नावे, वर्ष आणि शाखा त्यांच्या संमतीने त्यात लिहावीत. ज्येष्ठांनी वर्षातून दोनदा येऊन धाकट्यांशी बोलावे. आपल्या घरात डॉक्टर मामा नसेल, पण वस्तीत एक तरी असतो.

हे काम पैशाचे नाही, वेळेचे आहे. पुढच्या सत्कार समारंभात शाल-श्रीफळाबरोबर अर्धा तास या चर्चेला ठेवला तरी सुरुवात होईल. ज्यांना आपण शाल देतो त्यांना विचारावे, "बाळा, तुला काय करायला आवडतं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.